अनुभव धागा : मित्राच्या होडीतून, किनारा दिसेनासा होईपर्यंत

खोल समुद्रात मासेमारीला जाण्याची संधी बहुतेकांना एखाद्या मित्रामुळेच मिळते. कुणाच्या तरी बाबांची नाहीतर काकांची होडी असते, आणि कधीतरी तो 'चल एकदा' म्हणतो. असे अनुभव इथे एकत्र यावेत असं फार दिवसांपासून मनात होतं. मासळी किती मिळाली ते लिहाच, पण तिथे गेल्यावर तो मित्र तुम्हाला कसा दिसला तेही लिहा. नावाच्या जागी आपण राहतो ते गाव टाका. सुरुवात मी करतो.

पुणे

आम्ही दोघं हॉस्टेलवर तीन वर्षं एका खोलीत राहिलो. तो मालवणकडचा. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. शिक्षण संपल्यावर गावी परत गेला आणि एका डिसेंबरात त्यानं मला बोलावलं. अमावस्या गाठून ये म्हणाला. चांदण्यात जाळं मासळीला दिसतं, म्हणून सुरमईसाठी काळोखी रात्र बरी.

दुपारी चारला निघालो. होडीवर त्याचे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, दोन खलाशी आणि आम्ही दोघं. सिंधुदुर्गाचा तट आधी ठसठशीत होता, मग त्याची रेघ झाली, मग तीही गेली. पाणी किती खोल असं विचारलं तर म्हणाला, "वीस-बावीस वाव." एक वाव म्हणजे साधारण सहा फूट. हा हिशोब मी मनात केला आणि तेवढ्यात मला मळमळायला लागलं.

त्यानं मला इंजिनाच्या धुरापासून उठवून होडीच्या मध्यावर बसवलं आणि हातात आल्याचा तुकडा दिला. "खाली बघू नको. थंय लांब बघ, आकाशाची कड दिसता मा, थंय." मी तासभर तेवढंच केलं आणि खरंच बरं वाटलं.

सूर्य टेकला तसं जाळं सोडायला सुरुवात झाली. वरच्या दोरीला तरंगणारे बोये, खालच्या दोरीला शिसं, आणि मध्ये नायलॉनची ती पारदर्शक भिंत सरसर पाण्यात उतरत होती. माझा अबोल मित्र तेव्हा एकसारखा बोलत होता. "सैल सोड." "गाठ बघ, गाठ!" "बाबा, जरा डावीकडे घ्या." बाबा त्याचं ऐकत होते. इतका आवाज त्याला आहे हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.

इंजिन बंद केल्यावर होडीवरच शिजवलेला भात आणि बांगड्याचं तिखलं जेवलो. मी ताट धुवायला हात पाण्यात घातला तर बोटांभोवती निळसर ठिणग्या उठल्या. थंडीच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर सूक्ष्म जीवांमुळे पाणी असं चमकतं. मी हरखून पुन्हा पुन्हा हात फिरवत होतो. तो मात्र गंभीर झाला. पाणी चमकलं की जाळंही चमकतं आणि सुरमई ते बघून वळते.

पहाटे अडीचला जाळं ओढलं. अकरा सुरमया, थोडे कुपे (ट्यूना), एक मोरी (छोटा शार्क). पहिली सुरमई वर आली ती अजून आठवते. बॅटरीच्या उजेडात चांदीसारखं अंग, त्यावर उभ्या रेघा. कल्ल्यात रुतलेला जाळ्याचा धागा त्यानं मासळी न फाडता दोन बोटांनी सोडवला आणि मासळी लगेच बर्फात दाबली. कुप्याच्या बाबतीत तर तो एक मिनिटही थांबत नव्हता. कुपा बर्फाविना राहिला तर खाणाऱ्याला बाधतो.

सकाळी किनाऱ्यावर लिलाव झाला. डिझेल-बर्फाचे पैसे बाजूला काढले, होडीचा आणि जाळ्याचा वाटा काढला, मग माणसांचे वाटे पडले. शेवटी बाबांनी एक सुरमई उचलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हो तुझो वाटो." मी जाळ्याला नीट हातही लावला नव्हता. नको म्हणायला गेलो तर मित्रानं डोळ्यांनी गप्प केलं.

वसई

माझा अनुभव डोलीचा आहे. एमएस्सीला असताना मैत्रिणीच्या घरच्या होडीवर गेले होते. डोल म्हणजे मोठं पिशवीसारखं जाळं. ते ओढत न्यायचं नसतं. समुद्रात खुंटाला बांधून त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवायचं, भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत आणतं. पाणी थांबलं की जाळं उचलायचं, पाणी फिरलं की पुन्हा लावायचं. घड्याळाला तिथे काही किंमत नाही. मैत्रीण रात्री दीडला मला उठवून म्हणाली, "पाणी मरतंय, चल." तिनं घड्याळ बघितलं नव्हतं. होडी नांगरावर कशी हलते त्यावरून तिला झोपेत कळलं होतं.

पिशवीचं शेपूट सोडलं आणि होडीत बोंबील, जवळा, मांदेली यांचा ढीग पडला. आणि त्यात प्लॅस्टिक. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एक लहान मुलाची चप्पल. मी निवडायला बसले. एक पाटी मासळी निवडून होईपर्यंत तेवढाच कचरा माझ्या मागे जमला होता. मैत्रिणीची आई तो कचरा पुन्हा पाण्यात टाकू देत नाही, गोणीत भरून घरी आणते. मला त्या गोणीबद्दल राग येतो. आपण शहरातले लोक नाल्यात टाकतो आणि ते वेचत बसतात या बायका-माणसं, ज्यांना त्याचे कुणी पैसे देत नाही.

रत्नागिरी

मिरकरवाड्याहून निघालो होतो. साधारण बारा सागरी मैलांवर, म्हणजे बावीस किलोमीटरच्या आसपास, होडी एकदम थरथरली आणि इंजिन बंद पडलं. पंख्यात कुणीतरी टाकून दिलेलं तुटकं जाळं अडकलं होतं. होडी लाटांना आडवी झाली की काय होतं ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. सगळं सामान एका बाजूला घसरतं आणि माणूसही.

माझ्या मित्रानं आधी नांगर टाकला, होडी लाटेला तोंड देऊन उभी राहिली. मग व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या बिनतारी संचावर, जवळच्या होड्यांना हाक दिली. मग कमरेला दोर बांधला, त्याचं टोक माझ्या हातात दिलं, दातात सुरी धरली आणि उतरला. दोनदा झटका दिला तर वर ओढायचं. चाळीसेक मिनिटं तो खाली-वर करत होता. मी त्या दोराकडे सोडून कुठे बघितलं नाही. वर आला तेव्हा खांद्यावर होडीच्या तळाला चिकटलेल्या शंखांनी कापलेले ओरखडे होते. दुसरी होडी आली, तिनं आम्हाला ओढत बंदरात आणलं, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

पुणे

लाइफ जॅकेट होती का? आणि व्हीएचएफ नसेल तर?

रत्नागिरी

होती, आणि त्यानं निघतानाच मला घालायला लावलं होतं. व्हीएचएफवर संकटासाठी चॅनेल १६. मोबाइलला रेंज असेल तोवर तटरक्षक दलाचा १५५४. जाताना घरी परतायची वेळ सांगून जा, हे सगळ्यात आधी. आणि १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्या काळात कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. मासळीच्या विणीचे दिवस, वर पावसाळी समुद्र.

मॉरिशस

नोकरीमुळे दोन वर्षं इथे आहे. माझ्या मित्राचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला आले. तो बोलतो क्रिओल, पण आरत्या सगळ्या मराठीतून पाठ. त्याच्या पिरोगमधून, म्हणजे इथल्या छोट्या होडीतून, ब्लॅक रिव्हरच्या बाजूनं बाहेर पडलो. प्रवाळाची भिंत ओलांडली की पाण्याचा रंग एकदम गडद होतो, एवढ्या जवळ खोल पाणी लागतं. इथे श्रीमंत पाहुणे मोठ्या बोटीतून ब्लू मार्लिन या मोठ्या माशासाठी येतात. आमची हातदोरी होती.

एक डोराडो लागला. पाण्यात सोनेरी-हिरवा, होडीत आल्यावर अंगावरून निळ्या लाटा गेल्यासारख्या गेल्या आणि बघता बघता राखाडी झाला. मित्र त्याला हात लावून क्षणभर थांबला, मग आमिष लावायला लागला. परतताना त्यानं किनाऱ्याकडे बोट दाखवलं. गणेश चतुर्थीला तिथे त्यांचं विसर्जन असतं, इथे त्या दिवशी देशभर सुट्टी. "आजोबा म्हणायचे, पलीकडे हेच पाणी आपल्या गावाला लागतं." मला त्या वाक्यानंतर बराच वेळ बोलता आलं नाही.

देवगड

माझी फेरी झालीच नाही, तरी लिहिते. २०१९ ची दिवाळी, क्यार वादळाची. माहेरी आलेली माझी एक मैत्रीण आणि मी, तिच्या भावाच्या होडीवर जाणार होतो. भावानं होडी काढली नाही. बंदरात बाहेरच्या कितीतरी होड्या आसऱ्याला आल्या होत्या, रात्री दिव्यांचं गावच वसलं होतं. मैत्रीण धक्क्यावर बसून मला नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, आकारावरून आणि रंगावरून सांगत होती, ही गुजरातची, ही कर्नाटकची. तिच्या वहिनीनं दोन टोप भात शिजवून धक्क्यावर पाठवला. फराळाचे डबेही गेले.

आम्ही शेवटी मार्चमध्ये गेलो. बांगडे मिळाले, थोडे सौंदाळे.