चर्चा : जुन्या घरांच्या रंगातील शिशाची तपासणी सक्तीची करावी का?

शहापूरकर :
यंदाच्या पावसात आमच्या बेळगावातील शहापूरच्या घराची मागची खिडकी फुगली. सुताराने तिची कड रंध्याने काढली, तेव्हा रंगाचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे उघडे पडले : वर निळा, त्याखाली पिवळा, मग दोन हिरवे आणि सागवानाला चिकटून शेंदरी. हे शेंदरी अस्तर म्हणजे शेंदूर, अर्थात शिशाचा ऑक्साइड असण्याचा दाट संभव आहे, आणि जुन्या पिवळ्या-हिरव्या ऑईल पेंटमध्ये लेड क्रोमेट हे शिशाचेच संयुग सर्रास वापरले जात असे. खाली पडलेली पूड माझी चार वर्षांची नात मुठीत घेऊन बसली होती.

केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ रोजी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम अधिसूचित केले व ते वर्षभराने लागू झाले. मर्यादा आहे दहा लाख भागांत ९० भाग. परंतु हे नियम नव्या रंगाचे उत्पादन, आयात आणि विक्री यांना लागू होतात. डब्यावर कायदा आहे, भिंतीवर नाही. म्हणून माझे मत असे, की तीस वर्षांहून जुनी इमारत विकताना, भाड्याने देताना किंवा तिथे अंगणवाडी भरवताना पालिकेची तपासणी सक्तीची असावी.

खडेबाजारचा घरमालक :
आपल्या नातीची काळजी मी समजू शकतो, पण उपाय पटत नाही. माझ्या माडीवर तीन बिऱ्हाडे जुन्या भाड्याने राहतात आणि महिन्याच्या भाड्यात खिडकीचे बिजागरसुद्धा येत नाही. तपासणीचा आणि नंतरच्या दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा? शिवाय मोजायचे कोणत्या मापाने, हाही प्रश्न आहे, कारण ९० भागांची मर्यादा नव्या रंगासाठी आहे आणि भिंतीवर आधीच चढलेल्या थरांसाठी आपल्याकडे मापच ठरलेले नाही. अमेरिकेत ते ठरलेले आहे, दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम शिसे. पण तिथेही १९७८ पूर्वीचे घर विकताना मालकाने शिशाच्या रंगाविषयी जे ठाऊक असेल ते सांगायचे आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस द्यायचे, ही त्यांच्या केंद्रीय कायद्याची मुख्य सक्ती आहे. रंग काढून टाकण्याची नाही. आपल्या जुन्या घरांच्या भिंती तर चुन्याच्या आणि निळीच्या. ऑईल पेंट लागला तो दारे-खिडक्या, कठडे आणि लोखंडी गजांना. त्यासाठी सगळ्या इमारतीवर नोटीस चिकटवायची, आणि मग ती नोटीस काढून घेण्यासाठी हेलपाटे घालायचे!

निपाणीचा रंगकाम ठेकेदार :
शेंदरी दिसणारे प्रत्येक अस्तर शेंदराचे नसते. रेड ऑक्साइड नावाचे लाल अस्तर लोखंडाच्या ऑक्साइडचे असते आणि त्यात शिसे असेलच असे नाही. नुसत्या डोळ्यांनी हे ठरवू नये, खपली प्रयोगशाळेत द्यावी. पण माझा मुद्दा वेगळा आहे. घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. धोका सुरू होतो तो आम्ही घासायला लागलो की. दिवाळीच्या तोंडावर मालकाला चार दिवसांत घर हवे असते, म्हणून पोरे कोरडाच पॉलिश पेपर मारतात, आणि ती धूळ माजघरातल्या डाळ-तांदळाच्या डब्यांवर बसते. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग जाळणे तर त्याहून वाईट, कारण शिशाची वाफ सरळ आमच्याच छातीत जाते. पाणी मारून घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, संध्याकाळी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. मात्र ओले लाकूड वाळायला दोन दिवस जास्त लागतात आणि त्या दोन दिवसांची मजुरी द्यायला कोणी तयार नसते, शहापूरकर, आपल्यासारखे सुजाण लोकही नाहीत.

टिळकवाडीतील शिक्षिका :
घरमालकांनी सगळा हिशेब खर्चाचा मांडला, मुलाचा मांडलाच नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे इतकी सामान्य आहेत, की रक्त तपासल्याशिवाय कोणाला शंकाही येत नाही. जिथे पावसात फुगलेली झडप रोज चौकटीला घासते, तिथे रंगारी न येताही पूड पडतच असते, ठेकेदारांनी हेही ध्यानात घ्यावे. निदान जुन्या शाळा आणि अंगणवाड्या तरी मालकाच्या मर्जीवर सोडू नयेत.

शहापूरकर :
विक्री आणि भाड्याची अट घाईने लिहिली, हे मान्य करतो. माप ठरल्याशिवाय ती हेलपाट्यांचेच कारण होईल. शाळा, अंगणवाड्या आणि रंगकामाची पद्धत, एवढ्यांपुरती सक्ती मात्र मी सोडणार नाही. खिडकीची खपली कागदात बांधून ठेवली आहे.

खडेबाजारचा घरमालक :
शाळांपुरते माझेही दुमत नाही. रंगाऱ्याला दोन दिवसांची जादा मजुरी मी येत्या दिवाळीत देईन, पण ती माझ्या समजुतीने. त्यासाठी माझ्या जिन्यावर तपासनीस चढलेला मला चालणार नाही.