फँटास्टिक व्हॉयेज (असिमॉव्ह, १९६६): पाणबुडी बाहेर आणण्याचा एवढा आटापिटा का? [शेवट उघड होतो]

पानखूण

गटाचं या वेळचं पुस्तक आहे आयझॅक असिमॉव्ह यांची 'फँटास्टिक व्हॉयेज'. चित्रपटाला जोडून आलेली कादंबरी आपण पहिल्यांदाच घेतोय, म्हणून बैठकीआधी काही गोष्टी नक्की करून घ्यायच्या आहेत. ज्यांचं पुस्तक पूर्ण झालेलं नाही त्यांनी इथेच थांबावं.

कथा सगळ्यांना माहीत आहेच: शास्त्रज्ञ बेनेसच्या मेंदूत गुठळी, बाहेरून शस्त्रक्रिया अशक्य, म्हणून 'प्रोटियस' ही पाणबुडी पाच माणसांसकट सूक्ष्म करून त्याच्या रक्तात सोडतात. हातात ६० मिनिटं. त्यानंतर सगळं पुन्हा मूळ आकाराचं होऊ लागणार.

प्रश्न असे:

१) पुस्तक चित्रपटाच्या आधी बाजारात आलं. मग चित्रपट पुस्तकावरून, की उलट?

२) चित्रपटात पांढरी पेशी पाणबुडी गिळते, चौघं अश्रूतून बाहेर येतात आणि गोष्ट संपते. पुस्तकात मात्र त्या पेशीला चिथावून मागे लावून घेतात आणि अवशेषांसकट बाहेर आणतात. हा बदल फक्त थरार वाढवायला आहे का?

३) आकारमानाचं गणित किती ताणून धरायचं? वाचताना ते सतत टोचतं.

४) १९८७ चं दुसरं पुस्तक हा पुढचा भाग आहे का? यासोबतच घ्यावं का?

जुनी प्रत

पहिल्याचं आणि चौथ्याचं उत्तर देतो.

चित्रपट पुस्तकावरून नाही. मूळ कथा ओटो क्लेमेंट आणि जेरोम बिक्स्बी यांची, पटकथा हॅरी क्लाइनर यांची, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. कादंबरीचे हक्क बँटम प्रकाशनाने घेतले आणि तयार पटकथा असिमॉव्हच्या हातात दिली. त्यात तर्काची भोकं फार आहेत असं त्यांचं मत होतं, म्हणून पुस्तक आपल्या पद्धतीने लिहिण्याची मोकळीक त्यांनी मागून घेतली. लिहिण्याचा वेग तर त्यांचा ठाऊकच आहे. कादंबरी १९६६ च्या सुरुवातीलाच छापून आली, चित्रपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मधल्या महिन्यांमुळे 'असिमॉव्हच्या कादंबरीवरून केलेला चित्रपट' हा समज पसरला आणि अजूनही पुसला गेलेला नाही. बैठकीच्या सुरुवातीलाच हे सांगून टाकावं, नाहीतर अर्धा वेळ 'चित्रपटाने पुस्तकातलं काय गाळलं' यात जाईल. इथे विचारायचं ते उलटं: पटकथेतल्या कशाला असिमॉव्हने हात लावला, आणि कशाला नाही?

१९८७ चं 'फँटास्टिक व्हॉयेज २' हा पुढचा भाग नाही. पात्रं वेगळी, जग वेगळं. मॉरिसन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला सोव्हिएत बाजू जबरदस्तीने नेते आणि कोमात गेलेल्या शापिरोव्हच्या मेंदूत उतरवते, तेही गुठळी काढायला नाही तर त्याचे विचार मिळवायला. पहिलं पुस्तक पूर्णपणे आपलं वाटत नव्हतं, हे असिमॉव्हने स्वतःच म्हटलं आहे. म्हणून हे दुसरं त्यांनी पायापासून लिहिलं. सूक्ष्म होण्याचा पायाही बदलला, तिथे प्लांकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकीतला एक मूलभूत आकडा) कमी करण्याची कल्पना आहे. एका बैठकीत दोन्ही घेऊ नका. पहिल्यातली ओढाताण लक्षात आली की दुसरं आपोआप वेगळ्या नजरेने वाचलं जातं.

मायक्रॉन

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. थरार वगैरे नाही, सगळ्या पुस्तकाचा तर्क त्या बदलावर उभा आहे.

सूक्ष्म करायच्या पद्धतीवर पुस्तकात सुरुवातीला चर्चा येते ती चाळून सोडू नका. अणू नुसते जवळ दाबले तर वजन तेवढंच राहतं, आणि काही टनांची सुई जमिनीत घुसेल. काही अणू काढून टाकले तर वजन घटेल, पण मेंदूसारखी रचना अणू गाळून टिकणार नाही. म्हणून तिसरा मार्ग: अणूच लहान करायचे. खऱ्या भौतिकशास्त्रात याला जागा नाही, पण एकदा हा नियम मानला की त्याचे परिणाम पाळावे लागतात.

आता पांढऱ्या पेशीकडे या. पेशी पाणबुडी 'पचवते' म्हणजे काय करते? विकरं आणि आम्लं वापरून रेणू तोडते. अणूला ती हातही लावू शकत नाही. म्हणजे पाणबुडीचा पार चुरा झाला तरी तिचा एकूण एक अणू बेनेसच्या डोक्यातच आहे आणि साठावं मिनिट उलटलं की तो पुन्हा मोठा होणार. चित्रपटासाठी बनवलेली पाणबुडी सुमारे १३ मीटर लांबीची होती. तेवढ्या वस्तूचा चुरा कवटीच्या आत पसरला तर रुग्ण वाचला असं म्हणताच येत नाही. ज्याला वाचवायला मोहीम काढली तोच चित्रपटाच्या शेवटानंतर काही क्षणांत मरतो. असिमॉव्हने हे भोक बुजवलं: पाणबुडी ज्या पेशीत आहे ती पेशीच बाहेर काढा.

तिसऱ्यासाठी एक मोजपट्टी देतो, ती वहीत लिहून ठेवा. १३ मीटरची पाणबुडी ३ मायक्रॉनची झाली असं धरू (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे साधारण ४३ लाख पटींनी लहान. या पट्टीवर:

माणूस ०.४ मायक्रॉन. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणजे माणूस स्वतःच प्रकाशलहरीएवढा किंवा तिच्याहून लहान. बाहुली त्याहून किती बारीक! बाहेरच्या साध्या प्रकाशात त्याला काहीच दिसणार नाही.

प्राणवायूचा रेणू त्याला सव्वा मिलिमीटरच्या मण्याएवढा वाटेल. असे मणी फुप्फुसात ओढून उपयोग नाही, त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये ते बसणारच नाहीत. फुप्फुसातून हवा भरून घेण्याचा प्रसंग वाचताना हा मुद्दा डोक्यात ठेवा: आत घेतलेली हवासुद्धा आधी लहान करावी लागते.

तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनची, म्हणजे त्यांच्या लेखी ३० मीटरच्या वर रुंद. केशवाहिनीत रक्त सेकंदाला अर्धा मिलिमीटर सरकतं. आतून तो वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर भासेल. निवांत तरंगत खिडकीतून पाहण्याची दृश्यं इथेच कोसळतात.

आणि या आकाराला पाणी पाण्यासारखं वागत नाही. चिकटपणा एवढा वरचढ होतो की मधात हात मारल्यासारखं होतं. पंखा थांबला की यान तिथल्या तिथे थांबणार, पुढे घरंगळणार नाही. जिवाणू मळसूत्रासारखी शेपटी फिरवतात ते यामुळेच. त्यात भोवतालचे रेणू सगळीकडून धक्के देत राहतात, ब्राउनियन हालचाल म्हणतात ती. पाणबुडी सतत थरथरायला हवी.

माझं मत विचाराल तर नियम मानल्यावर त्याच्याशी प्रामाणिक राहिलेली जागा आणि दृश्यासाठी नियम मोडलेली जागा, एवढाच फरक करा. पट्टी लावून प्रत्येक पान नापास करण्यात पुस्तकातलं काहीच हाती लागत नाही.

धमनीजाल

मार्गाबद्दल लिहिते, कारण पटकथेची पकड सगळ्यात घट्ट तिथे आहे.

ठरलेला रस्ता सोपा होता: मानेतल्या कॅरॉटिड धमनीत टोचायचं आणि प्रवाहाबरोबर थेट मेंदूत. पण धमनी आणि शीर यांच्यात अचानक जोड लागतो आणि पाणबुडी हृदयाकडे जाणाऱ्या जुगुलर शिरेत ओढली जाते. इथून पुढे शरीररचना बरोबर आहे. वरची महाशीर, हृदयाचा उजवा वरचा कप्पा, झडप, उजवा खालचा कप्पा, फुप्फुस धमनी, केशवाहिन्या. हृदयातून जाताना धक्क्याने चुरा होऊ नये म्हणून हृदय जास्तीत जास्त ६० सेकंद थांबवतात. हा भाग नकाशा समोर ठेवून वाचा, मजा येते.

फुप्फुसानंतर नैसर्गिक वाट म्हणजे डाव्या हृदयातून महाधमनीत आणि पुन्हा कॅरॉटिडमध्ये. ती सोडून ते फुप्फुसावरणातून लसिकावाहिन्यांत (लसिका म्हणजे लिम्फ, त्याच्या नळ्यांत) शिरतात आणि कानामार्गे मेंदू गाठतात. दोन अडचणी आहेत.

एक, लसिका डोक्याकडून खाली येते आणि मानेच्या मुळाशी शिरांना मिळते. वाहिन्यांतल्या झडपा त्याच दिशेला उघडतात. म्हणजे छातीतून डोक्याकडे जाणं हे प्रवाहाच्या आणि प्रत्येक झडपेच्या विरुद्ध आहे.

दोन, आंतरकर्णातल्या द्रवाच्या नावात 'लसिका' असते, पण तो लसिकावाहिन्यांच्या जाळ्याचा भाग नाही. वाहिनीतून सरळ आंतरकर्णाच्या शंखाकृती भागात उतरता येत नाही. मेंदूच्या बाबतीत तर त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत लसिकावाहिन्याच नव्हत्या. मेंदूच्या आवरणात त्या असल्याचं उंदरांमध्ये २०१५ मध्ये दाखवलं गेलं.

हे असिमॉव्हला कळत नव्हतं असं मुळीच नाही. ते जीवरसायनाचे प्राध्यापक होते. पण कानातला शांततेचा प्रसंग (शस्त्रक्रियागृहात एक वस्तू पडते आणि आत हाहाकार होतो तो) पटकथेचा कणा आहे. तो ठेवायचा तर कानातून जावंच लागतं. शेवट बदलता आला कारण बदल अखेरच्या काही पानांपुरता होता. मार्ग बदलला असता तर चित्रपटच वेगळा झाला असता. टाय-इन लेखकाची (चित्रपटाला जोडून पुस्तक लिहिणाऱ्याची) मोकळीक कुठे संपते ते या दोन जागा शेजारी ठेवल्या की स्वच्छ दिसतं.

दुरुस्त केलेल्या शेवटाचीही एक गोची आहे, तीही मांडते. पांढरी पेशी मिनिटाला साधारण १० ते २० मायक्रॉन सरकते. मेंदूतल्या त्या जागेपासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ५ सेंटिमीटर धरा, म्हणजे ५०,००० मायक्रॉन. मिनिटाला १५ च्या हिशेबाने दोन दिवसांच्या वर वेळ लागेल, आणि त्यांच्याकडे उरलीत मोजकी मिनिटं. शिवाय ते दृष्टिचेतातंतूच्या बाजूने जातात. तो तंतू डोळ्याच्या मागच्या पडद्याला मिळतो. अश्रुग्रंथी वर, बाहेरच्या कोपऱ्यात. मधली उडी पुस्तकात घाईने उरकली आहे.

मायक्रॉन

वरच्या मोजपट्टीवर ते ५ सेंटिमीटर म्हणजे पोहणाऱ्यांसाठी सुमारे २१५ किलोमीटर. तेही मधातून.

तरीही मी दुरुस्तीच्या बाजूनेच उभा राहीन. वेग चुकला ही प्रमाणाची चूक आहे, आकडा बदलून ती सुटते. पाणबुडी आत विसरणं ही तर्काची चूक आहे. तिने अख्ख्या मोहिमेचा अर्थच नाहीसा होतो.

पानखूण

आता पाणबुडीचं पटलं. पण मग पाण्याचं काय? चित्रपटात पाणबुडी सलाइनने भरलेल्या मोठ्या काचेच्या नळकांड्यात बुडते आणि ते नळकांडंच पुन्हा लहान करून त्याची सिरिंज करतात. म्हणजे आतलं सलाइनही सूक्ष्म झालं की!

मायक्रॉन

अगदी बरोबर, आणि चित्रपट त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. हिशेब करून बघा. एक मीटरचं नळकांडं ५ सेंटिमीटरचं झालं असं धरा. लांबी २० पट घटली, घनफळ ८,००० पट. त्यातलं १ मिलिलिटर जरी टोचलं तरी वेळ संपल्यावर ते ८ लिटर होणार. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच मुळात ५ लिटरच्या आसपास. पाणबुडी बाहेर काढूनही बेनेस वाचत नाही.

यावर दोन उपाय सुचतात. पाणबुडी आधीच पूर्ण सूक्ष्म करून साध्या, लहान न केलेल्या सलाइनच्या थेंबात सोडायची. किंवा टोचण्याआधी नळकांड्यातलं पाणी बदलून घ्यायचं, पण त्यात एवढी बारीक पाणबुडी हरवण्याचा धोका आहे. पहिला उपायच बरा. बैठकीत हा प्रश्न नक्की टाका, लोक हिरिरीने बोलतील.

जुनी प्रत

बैठकीच्या आखणीबद्दल सुचवतो. बहुतेक प्रकरणांना एका एका शब्दाची नावं आहेत: धमनी, हृदय, केशवाहिनी, फुप्फुस, कान, डोळा अशी. त्यामुळे विभागणी सोपी. पहिल्या बैठकीला हृदयापर्यंत, दुसऱ्या बैठकीला उरलेलं. चित्रपट दोन्हींच्या मध्ये पाहा, आधी नको. आधी पाहिला तर वाचताना डोळ्यांसमोर तीच रंगीत दृश्यं येत राहतात आणि लेखकाने काय भरलं ते हातून निसटतं.

प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखावेत: पटकथेतून जसंच्या तसं आलेलं, लेखकाने समजावून सांगितलेलं, लेखकाने बदललेलं. चित्रपट पाहिल्याशिवाय पहिला रकाना नीट भरता येत नाही, म्हणून सुरुवातीला पेन्सिलच वापरा. साधी खूण सांगतो. नियंत्रण कक्षात कार्टर आणि रीड या लष्करी अधिकाऱ्यांकडे अचानक उडी घेऊन घड्याळातली मिनिटं दाखवणारे तुकडे जवळजवळ सगळे पटकथेच्या जोडणीतून आलेत. उलट दोन पात्रं थांबून रेणूंबद्दल किंवा प्रकाशाबद्दल बोलायला लागली की बहुतेक वेळा असिमॉव्ह बोलतोय असं समजा.

पाणबुडीतल्या डॉक्टर मायकल्सचे संवाद दुसऱ्यांदा वाचताना वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. फितूर कोण हे कळल्यावर त्याने मोहीम सोडून द्यावी असं प्रत्येक वेळी कोणतं कारण देऊन सुचवलं ते ओळीने लावता येतं.

पानखूण

तीन रकाने ठरले. धमनीजाल, पहिल्या बैठकीला कॅरॉटिडपासून फुप्फुसापर्यंतचा नकाशा तुम्ही काढून आणाल का? मोजपट्टीचे आकडे मी त्यावरच लिहिते.

धमनीजाल

आणते. लसिकावाहिन्यांचा वेगळा कागद करते आणि त्यावर झडपांच्या दिशेचे बाणही दाखवते. तो दुसऱ्या बैठकीला लागेल.