रोजच्या गाडीला सुपरचार्जर की टर्बो? सोलापूरच्या हिशोबाने सांगा

होटगीरोडकर

मंडळी, दोन गाड्यांत जीव अडकलाय. रोजचं रनिंग होटगी रोड ते चिंचोळी एमआयडीसी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. महिन्यातून एकदा-दोनदा पुणे.

एक आहे २००८ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर, ऑटोमॅटिक, फेरनोंदणी झालेली. कॉम्प्रेसर म्हणजे जर्मन लोकांचा सुपरचार्जरच. दुसरी २०२१ची पोलो टीएसआय, एक लिटर टर्बो, मॅन्युअल. मर्सिडीज स्वस्तात मिळतेय, उरलेले पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवीन म्हणतो.

माझं मन सुपरचार्जरकडे झुकलंय. दोन्हींचं काम एकच, इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पण टर्बोचा पंखा फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर, म्हणजे आधी पुरेसा धूर व्हायला हवा. सुपरचार्जर क्रँकवरच्या पट्ट्याने फिरतो, इंजिन फिरलं की तोही फिरला. सात रस्त्याला सिग्नल सुटला की पुढे रिक्षा, मागे बस, डावीकडून उलटा येणारा स्कूटरवाला. तिथे मला जोर लगेच हवा, दीड सेकंदाने नको. मर्सिडीज विजापूर रोडला चालवून बघितली. पाय ठेवला की निघते. शिवाय बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तो ऐकून अर्धा व्यवहार तिथेच झाला. बायको म्हणते, उरलेला अर्धा तिला विचारून करायचा.

मागवाला

वडिलांच्या काळी पूर्व भागात आमचा कारखाना होता. एक मोठी मोटर, वर लांब शाफ्ट, शाफ्टवरून प्रत्येक मागाला पट्टा. पट्टा चढवला की मोटर क्षणभर कण्हायची. लहानपणी मी नुसत्या आवाजावरून सांगायचो किती माग चालू आहेत. सुपरचार्जर म्हणजे इंजिनला जोडलेला आणखी एक माग. तो ताकद वाढवतो हे खरं, पण त्याचं पोट आधी इंजिनलाच भरावं लागतं.

टर्बोचं तसं नाही. पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा धुरावाटे बाहेर जातो. त्यातली थोडी पकडून पंखा फिरवायचा. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते याच हिशोबाने. तुमचं रनिंग महिन्याला हजाराच्या वर जाणार. पंपावर उभं राहिल्यावर शिट्टी ऐकू येत नाही, मीटर दिसतो.

पुण्यात अडकलेला

धुरावर फुकट चालतं हे अर्धसत्य आहे. पंख्याने वाट अडवली की धूर बाहेर ढकलायला पिस्टनला जास्त जोर लागतो. आणि सुपरचार्जरला बायपास झडप असते. मोहोळ ते टेंभुर्णी ऐंशी-नव्वदने निवांत चाललात तर हवा दाबली न जाता तशीच फिरून येते, तेव्हा तो फार खात नाही.

मी सुपरचार्जरच्या बाजूने, कारण पाय जितका तितका जोर. पाच वर्षं एक टर्बो डिझेल हॅचबॅक वापरली, कंपनीचं नाव राहू द्या. २००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली मेलेली, वर गेली की एकदम लाथ. मंगळवेढ्याच्या रस्त्याला पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींना मागचा दिवा नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या स्पीडला ओव्हरटेकला निघालो, पाय पूर्ण दाबला, गाडी उठेचना. समोरून जीप. तिसरा टाकेपर्यंत दुसऱ्या ट्रॉलीतला ऊस माझ्या आरशाला घासत होता. पाचटाचा एक तुकडा वायपरमध्ये अडकून घरापर्यंत आला, बायकोने विचारलं शेतात गेला होता का. तेव्हापासून टर्बो लॅग, म्हणजे पाय दाबल्यावर जोर यायला लागणारा उशीर, म्हटलं की मला त्या ट्रॉल्या दिसतात.

आकडेमोड

उसाच्या ट्रॉलीला टर्बोने नाही थांबवलं, तुम्ही चौथ्यात राहिलात म्हणून थांबलात. असो. या वादाचं उत्तर मर्सिडीजनेच देऊन ठेवलंय. सी २०० कॉम्प्रेसर : १८०० सीसी, १८४ हॉर्सपॉवर, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर २५० एनएम, तोही २८०० आरपीएमपासून. तिच्या जागी आलेली सी २०० सीजीआय : तेच १८०० सीसी, तेच १८४, फक्त टर्बो. टॉर्क २७० आणि १८०० लाच हजर. ज्या 'खालून जोर'चं कौतुक चाललंय, तिथे टर्बोच हजार आरपीएम आधी पोचतोय.

पोलोचंही बघा. १७५ एनएम, १७५० पासून. मर्सिडीज दीड टनाची, पोलो अकराशे किलोच्या आसपास. टनामागे टॉर्क काढला तर १६५ आणि १६०. फरक काय राहिला? डिकीवरचं नाव.

पुण्यात अडकलेला

ते आकडे पाय पूर्ण दाबून, आरपीएम स्थिर धरून काढलेले असतात. सात रस्त्याला कोण स्थिर धरतो? टर्बो १८०० ला २७० देतो, पण मागितल्यावर किती वेळाने देतो ते त्या आकड्यात नाही. शिवाय सीजीआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, सगळं श्रेय टर्बोला कशाला? आणि त्या थेट फवाऱ्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साठते, पोलोलाही. कॉम्प्रेसरमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधी पडतं, व्हॉल्व्ह धुतले जातात.

आकडेमोड

काजळीचं मान्य, फवाऱ्याचंही मान्य. पण होटगीरोडकरांची मर्सिडीज ऑटोमॅटिक आहे हे विसरलात. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर गाडी सुटतानाच इंजिनला वर फिरू देतो. त्यांना जे 'लगेच निघते' वाटलं, त्यात सुपरचार्जर किती आणि गिअरबॉक्स किती? तुमची डिझेल जुनी. आताच्या एक लिटरवाल्यांचा टर्बो हलका, लहान पंख्याचा असतो, तो जागा व्हायला इतका वेळ घेत नाही. थोडा घेतो. नाही म्हणत नाही.

होटगीरोडकर

गिअरबॉक्सचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता शिट्टीसुद्धा पट्ट्याची होती की काय, असं वाटायला लागलंय.

वैशाखवणवा

उन्हाबद्दल कुणी बोलतच नाही. इथे ४३-४४ अंश ही बातमी नसते. वीस अंशांच्या हवेच्या मानाने ४४ अंशांची हवा सात-आठ टक्के विरळ, म्हणजे तोंडात घास पडतानाच लहान. त्यात दाबली की आणखी तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला लागलंय ना कधी? तेच.

मर्सिडीजमधला सुपरचार्जर रूट्स पद्धतीचा. १८६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी असा ब्लोअर काढला तो कारखान्यात हवा फुंकायला, गाडीत तो फार नंतर आला. त्यात दोन रोटर एकमेकांशेजारी फिरतात आणि हवा नुसती पुढे लोटतात. दाब तयार होतो पुढच्या पाइपात, आणि या पद्धतीत हवा जरा जास्तच तापते. टर्बोचा पंखा हवा आतच दाबतो, त्या बाबतीत तो शहाणा. पण त्याचं दुसरं टोक लालभडक होणाऱ्या एक्झॉस्टवर बसलेलं, त्यामुळे बॉनेटखालचा भट्टीपणा त्याच्याच खात्यावर. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर दोन्हीकडे आहे, पोलोचा तर पाण्याने थंड होणारा.

दोन्ही गाड्या दुपारी दोनला, एसी लावून चालवून बघा. सकाळची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, सगळेच गोड बोलतात.

जुळे सोलापूरचा पोरगा

मधेच विचारतो. माझ्या १.२ पेट्रोलला बाहेरून सुपरचार्जर किट बसवलं तर? कॉम्प्रेशन १२ ला १ आहे, म्हणजे सिलिंडरमधली हवा आधीच बारा पटीने दाबली जाते.

अक्कलकोट रोड मिस्त्री

पोरा, नाद सोड. १२ ला १ वर आणखी हवा कोंबलास की नॉकिंग सुरू, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसतात, मग पिस्टनला भोक. इंजेक्टर, क्लच, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळं बदलावं लागंल. वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हाय, कंपनीनं दिलेली गाडी अशी बदलता येत नाही. आणि विमावाला तर असल्या कारणाची वाटच बघत असतो.

होटगीरोडकर, हे दोघं उगंच भांडालेत बे. माझ्याकडं टर्बो गेलेल्या गाड्या लई येतात. त्यातला टर्बो बहुतेक वेळा मालकानंच मारलेला असतो. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. तेल बदलायची तारीख गेली तरी गाडी चालूच. नाहीतर पुण्याहून सव्वाशेनं हाणत आले आणि दारात आल्या आल्या चावी बंद. आतलं तेल जागेवर जळतं, उघडलं की काळी पूड. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर पण पाणी फिरवणारा छोटा पंप असतो, तरी अर्धा मिनिट थांबायला काय जातंय? वर आपली धूळ. एअर फिल्टर फडक्यानं झटकून तोच परत बसवतात. गळून एक खडा आत गेला की पात्यांची कड खाल्ली.

सुपरचार्जर त्या मानानं गरीब. बेअरिंग वाजतं. त्याचं स्वतःचं वेगळं तेल असतं, ते कुणी बघत नाही. गेला तर इथं मिळत नाही, पुण्या-मुंबईला फोन लावायचा नाहीतर भंगारातल्या गाडीचा काढायचा.

पण मी तिथं सुपरचार्जर बघणारच नाही. चेन बघीन. मर्सिडीजचं ते एम २७१ इंजिन हाय, त्याची व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन लांबते, कॅमच्या ॲडजस्टरचे दात झिजतात. थंड इंजिनला पहिली चावी मारली की दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यागत खडखड येते. गरम गाडीत ऐकू येत नाही. म्हणून सकाळी लवकर जा, रात्रभर उभी असताना. आणि फोन करून जाऊ नका.

कडक भाकरी

दोन्ही सोडा. बिनटर्बोचं साधं चार सिलिंडर घ्या, वर्षातून एकदा तेल बदला, झोपा. आणि २००८ची काय, २०२१ची काय, दोन्ही ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलच्या आधीच्या. रबरी होज बघून घ्या. तक्रार करायची सोय नाही, इथेनॉल उसापासून होतं आणि निम्मा जिल्हा उसावर जगतो.

मागवाला

साधं चार सिलिंडर घेऊन त्या उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करून दाखवा, मग झोपा.

होटगीरोडकर

आज सकाळी सव्वासहाला मर्सिडीजवाल्यांकडे गेलो. चूक माझी. न सांगता जाणं बरं दिसत नाही असं घरातून मत पडलं, म्हणून रात्री एक मेसेज टाकला होता.

गाडी अंगणात उभी. मालक बाहेर येण्याआधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. चावी मारली, इंजिन लोण्यासारखं चालू झालं, खडखड नाही, काही नाही. एवढ्या सकाळी कुठे जाऊन आलात विचारलं, तर म्हणाले दूध आणायला.

त्यांच्या घराच्या मागेच त्यांचा गोठा आहे. तीन म्हशी मला दिसत होत्या.

पोलोवाल्याला उद्या दुपारी दोनची वेळ दिलीय. एसी लावून.