सरवा आणि हक्क
बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत शेतमालक बवाजाने रूथला सरवा (कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य) वेचू दिला हे त्याचे उपकार, असं म्हटलं जातं ते मला अर्धंच पटलं. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गरिबाला अन् परक्याला ठेवा, हा बायबलच्या लेवीय पुस्तकातला (19:9-10) नियमच होता. रूथ मवाबी, म्हणजे परकी, म्हणून हक्कदार. बवाजाचा मोठेपणा रूथच्या पुस्तकात 2:16 मध्ये दिसतो. तो गड्यांना सांगतो: पेंढ्यांतून मुद्दाम कणसं काढून टाका, तिला धमकावू नका.

आमच्या चोपड्याकडे भुईमूग निघाला की आजी सरव्याला जायची. काही मालक आधी स्वतः वखर फिरवून घेत, मगच बायांना आत सोडत (मग शेंगा राहणार किती?). आजीचा पदर कधी पुरता भरला नाही. रूथचे मात्र एका दिवसात एफाभर सातू, साधारण 22 लिटर! कणसं मुद्दाम पडताहेत हे तिला कळलं असेल का?