अ‍ॅरन फ्रेझरचा पहिला एकल अल्बम: झेरॉक्स म्हणून फेकून द्यायचा?

तिरकट_धा:
परवा 'कुर्ला_स्लो' यांनी अ‍ॅरन फ्रेझरचा 'इंट्रोड्यूसिंग...' हा अल्बम दोन ओळींत निकालात काढला. फ्रेझर म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं साठच्या दशकातलं 'सोल' संगीत गाणारा गोरा अमेरिकन गायक. 'साठच्या दशकाची झेरॉक्स. बायकी आवाजात बाराच्या बारा गाणी बेबी बेबी.' खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होते, पण राहवत नाही.

हा काल उगवलेला पोरगा नाही. ड्युरँड जोन्स अँड द इंडिकेशन्सचा ड्रमर आहे. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला जमलेला बँड, आणि त्यांच्या पहिल्याच अल्बमवरचं 'इज इट एनी वंडर' यानेच गायलेलं. एकट्याचा अल्बम आला जानेवारी २०२१मध्ये, ब्लॅक कीज या रॉक बँडच्या डॅन ऑवरबॅकने नॅशव्हिलमधल्या स्वतःच्या स्टुडिओत केलेला. वादकांत मेम्फिस बॉईज या साठच्या दशकातल्या स्टुडिओ-वादकांच्या गटातली बुजुर्ग मंडळी. ज्यांनी त्या काळात हा बाज घडवला तेच वाजवायला बसलेत, तर झेरॉक्स कसली?

आणि 'बॅड न्यूज' जरा हेडफोन लावून ऐका. अख्खं गाणं ड्रमवर उभं आहे. बॉल्टिमोरला हिप-हॉप ऐकत वाढलेल्या माणसाचा हात कळतो तिथे. राहता राहिला आवाज. तो बायकी, तर सोलमधले दिग्गज कर्टिस मेफिल्डही बायकी, स्मोकी रॉबिन्सनही बायकी. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या लोकांकडून हे ऐकावं लागतंय!

कुर्ला_स्लो:
तिरकटताई, बालगंधर्वांना मध्ये ओढू नका. ते स्वतःच्या मोकळ्या गळ्याने गायचे, फॉल्सेटो लावून नाही. स्त्रीभूमिका वेगळी, खोटा आवाज वेगळा. एवढं तरी पक्कं करून यायचं.

मेफिल्डचं म्हणाल तर त्याच गळ्यातून प्रेमही आलं आणि नागरी हक्कांची लढाईही. तुमच्या या पोराच्या गळ्यातून मला फक्त प्रेम ऐकू येतं. ब्लेझर घालून केलेलं.

खरी चीड दुसरीच आहे. कृष्णवर्णीय सोल गायक चार्ल्स ब्रॅडलीचा पहिला अल्बम २०११ला आला, तेव्हा तो ६२ वर्षांचा. त्याआधी वर्षानुवर्षं क्लबांत जेम्स ब्राउनची नक्कल करून पोट भरत होता. तशीच गायिका शॅरन जोन्स न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहाऱ्याला होती. ज्यांचं संगीत त्यांनी दारात उभं राहायचं, आणि गोऱ्या पोराला पहिल्याच फटक्यात नॅशव्हिलची गादी. यावर बोला.

परळची_पोर:
ब्रॅडलीवर अन्याय झाला म्हणून फ्रेझरने ६२ वर्षांचं होईपर्यंत घरी बसायचं का? इंडिकेशन्समध्ये पुढे उभा राहून गाणारा ड्युरँड जोन्स कृष्णवर्णीयच आहे ना? त्याला चालतं, तुम्हाला का टोचतं?

बाय द वे, ही रेकॉर्ड मुंबईत मिळते का कुठे? ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ला बंद झालं त्यानंतर काळा घोड्याला गेले की नुसतं कॉफी पिऊन परत येते.

ठाकूरद्वार_नाका:
तुमचं अमेरिकेचं चालू द्या, मला एक सांगा. असा अल्बम करायला एका खोलीत एकत्र वाजवणारी माणसं लागतात. आपल्याकडे ती होती. कुठे गेली?

माझे वडील फिल्मच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस स्टुडिओ. गायक, कोरस, वादक सगळे एकदम. शेवटच्या अंतऱ्यात एकाचा सूर हलला की पहिल्यापासून. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही गोव्याची मंडळी कागदावर स्वर लिहून द्यायची आणि हे लोक बघून वाजवायचे. बाबांच्या हनुवटीखाली डाव्या बाजूला व्हायोलिन घासून काळा घट्टा पडला होता. पोरं विचारायची, भाजलं का?

मग कीबोर्डवाले आले. एक माणूस, दोन बोटं, चाळीस व्हायोलिन. झालं. बाबा पुढे शिकवण्या करत राहिले. आता तेच कीबोर्डवाले 'जुना साउंड, जुना साउंड' करत रडतात. मेहबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिव्हलला जाऊन माना डोलावतात. संताप येतो.

निषाद_बोरिवली:
आम्ही 'कीबोर्डवाले' काय दरोडा घालायला आलो होतो का? मी घरी बेडरूममध्ये बसून मालिकांच्या स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनचे तुकडे, भरतो. रात्री अकराला चाल येते, सकाळी आठला द्यायची. निर्मात्याला म्हटलं चार व्हायोलिन बोलावू, तर म्हणतो कॉम्प्युटरमध्ये नाहीत का? शिव्या त्याला घाला. आणि जुन्या वादकांच्या नखऱ्यांवर बोलायला लावू नका. घड्याळात शिफ्टचे तास भरले की वाद्याची पेटी बंद, मग गाणं अर्धं राहिलं तरी चालेल.

ठाकूरद्वार_नाका:
तोंड सांभाळून. त्या घड्याळावर घर चालायचं आमचं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री रियाज करणाऱ्या माणसाला नखरे कुठून परवडणार?

निषाद_बोरिवली:
मलाही नाही परवडत. गेल्या मालिकेचे अर्धे पैसे अजून यायचेत.

तिरकट_धा:
मी धागा फ्रेझरवर काढला होता!! पण नाकेसाहेब बोलले तो माझाच मुद्दा आहे. तिकडे कुणीतरी त्या बुजुर्गांना परत बोलावलं, पैसे दिले, श्रेयनामावलीत घेतलं. ही नक्कल असेल तर इथेही होऊ द्या. अगदी झेरॉक्स काढा.

कुर्ला_स्लो:
बघा, गाण्यावरून विषय थेट रोजगार हमीवर आला. म्हाताऱ्यांना काम मिळालं हे पुण्य, कबूल. म्हणून गाणं चांगलं होतं का?

तुमच्या हट्टापायी 'बॅड न्यूज' पुन्हा ऐकलं. ड्रम उत्तम. मानलं. मग त्या माणसाला ड्रमवरच बसू द्या की! 'ओव्हर यू'ही ठीक, कारण तिथे निदान दुखणं आहे. बाकी अल्बमभर तो प्रेमात इतका सुखी आहे की आपलं काही काम उरत नाही.

परळची_पोर:
सुखी माणूस बघवत नाही म्हणा ना सरळ.

कुर्ला_स्लो:
नाही बघवत. ८:१२ची लोकल पकडतो मी.

निषाद_बोरिवली:
@ठाकूरद्वार_नाका, नखऱ्यांचं बोललो ते तुमच्या वडिलांना उद्देशून नव्हतं, पण इतरांबाबत मागे घेणार नाही. ते अजून वाजवतात का? एका शीर्षकगीतात वीस सेकंदांचा तुकडा आहे, तो माझ्या कॉम्प्युटरमधल्या आवाजांच्या लायब्ररीतून हार्मोनियमसारखा निघतोय. पैसे कमी आहेत, आधीच सांगतो.

ठाकूरद्वार_नाका:
वाजवतात. कमी म्हणजे किती? रोख की तुमच्यासारखे अर्धे? आणि व्हायोलिन म्हणून नाव येणार की नुसतं 'विशेष आभार'?