क्वीन्स श्रीमंत झाली, घरच्या खेळाडूला काय मिळालं?

रानवारा

जूनमधल्या इंग्लंडच्या ग्रास कोर्ट टेनिसचा नकाशा गेल्या दहा-बारा वर्षांत बराच बदललाय. लंडनच्या क्वीन्स क्लबची पुरुषांची स्पर्धा २०१५ मध्ये एटीपी (पुरुषांचा दौरा) २५० वरून ५०० झाली; हा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. २०२५ मध्ये तिथे महिला परतल्या, १९७३ नंतर पहिल्यांदाच, आणि थेट डब्ल्यूटीए (महिलांचा दौरा) ५०० दर्जाच्या स्पर्धेत. महिलांची बक्षीस रक्कम २०२९ पर्यंत पुरुषांच्या बरोबरीला आणू, असं ब्रिटनची टेनिस संघटना एलटीए सांगते. विम्बल्डननं २०२५ मध्ये एकूण बक्षिसं ५ कोटी ३५ लाख पाउंडांपर्यंत नेली. स्पर्धा मोठी झाली की घरचे खेळाडूही मोठे होतात, असं या सगळ्याच्या बाजूनं बोललं जातं.

मला हे पटत नाही. बक्षीस वाढलं की जागतिक क्रमवारीतले पहिल्या तीसातले खेळाडू येतात. ते आले की थेट प्रवेशाची क्रमवारी वर सरकते आणि १२० व्या किंवा १८० व्या क्रमांकावरचा ब्रिटिश खेळाडू दाराबाहेर राहतो. क्वीन्सचंच बघा. २०१४ पर्यंत तिथे एकेरीत ५६ जण खेळायचे. ५०० चा दर्जा मिळाला आणि ड्रॉ, म्हणजे मुख्य स्पर्धेतल्या जागा, ३२ वर आला. पैसा वाढला, २४ जागा गेल्या. त्या २४ जागांमध्येच घरची मुलं एखादी फेरी जिंकून थोडे गुण कमावू शकत होती.

महिलांच्या बाबतीतही तेच. क्वीन्सला ५०० चा दर्जा देताना ईस्टबोर्न ५०० वरून २५० वर आली. १९८२ पासून चालत आलेली बर्मिंगहॅमची स्पर्धा मुख्य दौऱ्यातून बाहेर पडली. म्हणजे नवीन संधी फारशा तयार झाल्या नाहीत, होत्या त्या लंडनकडे सरकल्या.

आता केटी बोल्टर बघा. २०२३ च्या जूनमध्ये ती पहिल्या शंभरात नव्हती. नॉटिंगहॅमच्या २५० दर्जाच्या स्पर्धेत अंतिम सामना तिचा आणि जोडी बरेजचा झाला, दोघी ब्रिटिश. बोल्टर जिंकली आणि पुन्हा शंभरात आली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिनं सॅन दिएगोची ५०० दर्जाची स्पर्धा हार्ड कोर्टवर जिंकली आणि जूनमध्ये नॉटिंगहॅम पुन्हा. हे करिअर ज्या स्पर्धेनं उभं केलं ती मधल्या आकाराची होती. तीच स्पर्धा दुप्पट श्रीमंत असती तर त्या ड्रॉमध्ये दोन ब्रिटिश मुली अंतिम फेरीपर्यंत पोचल्या असत्या का? मला नाही वाटत.

टायब्रेक

असहमत. जागांचं गणित मांडलंत, पण खेळाडूच्या खिशाचं राहिलं.

दोनशेच्या आसपास असलेल्या खेळाडूचा वर्षाचा खर्च डोळ्यासमोर आणा. कोच, फिजिओ, विमानाची तिकिटं, हॉटेलं, रॅकेटचं स्ट्रिंगिंग. मुख्य दौऱ्याच्या खालच्या पायरीवरच्या चॅलेंजर स्पर्धांच्या बक्षिसात हे भागत नाही. ब्रिटनचा बिली हॅरिस कित्येक वर्षं व्हॅनमध्ये झोपून युरोपभर स्पर्धा खेळत फिरला. तोच २०२४ मध्ये क्वीन्सच्या उपांत्यपूर्व फेरीत आणि ईस्टबोर्नच्या उपांत्य फेरीत पोचला. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही २०२५ मध्ये ६६,००० पाउंड मिळाले. व्हॅनमध्ये झोपणाऱ्या खेळाडूसाठी तेवढ्यात पुढच्या हंगामाचा कोच ठरतो.

दुसरं म्हणजे विम्बल्डनच्या नफ्यातला ९० टक्के वाटा एलटीएकडे जातो. सार्वजनिक बागांमधली कोर्टं दुरुस्त करायची, मुलांना शिकवायचं, छोट्या स्पर्धा भरवायच्या, तर त्यासाठी लागणारा पैसा श्रीमंत स्पर्धेतूनच येतो. वरचा झरा आटला तर खालच्या शेताला पाणी कुठून देणार?

आणि २०२५ च्या विम्बल्डनला एकेरीत २३ ब्रिटिश खेळाडू होते, १९८४ नंतर सर्वात जास्त. दाराबाहेर राहिलेले खेळाडू एवढे आत कसे आले?

रानवारा

त्या २३ मध्ये वाइल्ड कार्डवाले, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजकांनी आत घेतलेले, वेगळे काढा, मग बोलू. तरीही आकडा वाईट नाही, हे मान्य. माझा वाद विम्बल्डनशी नाहीच. तिथे १२८ चा ड्रॉ आहे आणि तो कुणी कमी केलेला नाही. वाद त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांचा आहे. २०१५ पासून फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात दोनऐवजी तीन आठवडे मिळतात. गवतावर खेळायला मिळणारे हे आठवडे वर्षात एवढेच. त्यातला सगळ्यात मोठा आठवडा निवडक ३२ जणांना दिला, तर बाकीच्यांच्या हाती काय उरतं?

साळुंकी

आम्ही नॉटिंगहॅमला राहतो, म्हणून थोडं स्थानिक.

इथल्या स्पर्धेला जायला लंडनसारखा खर्च येत नाही. शाळेतली मुलं येतात, सराव कोर्टच्या कुंपणाला चिकटून उभी असतात. बोल्टर लेस्टरशरची, त्यामुळे इकडच्या लोकांना ती अगदी आपली वाटते. २०२४ ला तिची आणि एमा रॅडुकानूची उपांत्य लढत इथेच झाली. पावसानं दोन दिवस चालली, तरी लोक दुसऱ्या दिवशी परत आले.

पण एक सांगते, इथली मुलं गवतावर वाढत नाहीत. गवत उन्हाळ्यापुरतं असतं आणि तेही क्लबात. माझी मुलगी वर्षातले बहुतेक महिने हार्ड कोर्टवर किंवा कृत्रिम गवतावर खेळते, आणि हिवाळ्यात छत असलेलं कोर्ट मिळवायचं म्हणजे सकाळी सहाची वेळ पकडावी लागते. वरून येणारा पैसा छतांमध्ये दिसला पाहिजे. इंग्लंडमध्ये टेनिस शिकणाऱ्या मुलाच्या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा पावसाचा आहे, बक्षीस रकमेचा नाही.

बर्मिंगहॅम गेल्याचं मला खरंच वाईट वाटलं. आमच्या भागातली ती दुसरी मोठी स्पर्धा होती. तिथे आता खालच्या दर्जाची स्पर्धा होते, पण मुलांना ज्या खेळाडू बघायच्या असतात त्या लंडनला जातात.

दुसरी_सर्व्हिस

माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. गवतावरच्या स्पर्धा गरीब असोत की श्रीमंत, त्यातून खेळाडू घडत नाहीत. तिथे ते फक्त दिसतात.

अँडी मरे पंधराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला आणि तिथे मातीवर घडला. त्याआधी विम्बल्डन जिंकलेला शेवटचा ब्रिटिश पुरुष १९३६ चा फ्रेड पेरी. मधली ७७ वर्षं जगातली सगळ्यात प्रतिष्ठित ग्रास कोर्ट स्पर्धा यांच्याच अंगणात होत होती. महिलांमध्ये १९७७ च्या व्हर्जिनिया वेडनंतर आजवर कुणी नाही.

आजची पिढी घ्या. कॅमेरॉन नॉरी न्यूझीलंडमध्ये वाढला आणि टेक्सासच्या कॉलेजात खेळला. जेकब फर्नली त्याच टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा. पॉल जब साउथ कॅरोलायनाचा. ऑलिव्हर टार्व्हेट तर २०२५ मध्ये ७३३ व्या क्रमांकावर असताना पात्रता फेरीतून विम्बल्डनला आला, एक सामना जिंकला आणि सेंटर कोर्टवर अल्काराझशी खेळला. दुसऱ्या फेरीचे ९९,००० पाउंड त्याच्या नावावर लागले, पण सॅन दिएगोच्या कॉलेजात खेळत असल्यामुळे अमेरिकन कॉलेज खेळांच्या नियमांनुसार वर्षाला १०,००० डॉलर आणि खर्च सोडून बाकी रक्कम त्याला घेता आली नाही. त्याला घडवलं कॉलेजच्या हार्ड कोर्टवरच्या शंभर सामन्यांनी. बक्षिसाचा त्याला उपयोगही झाला नाही.

इटलीकडे बघा. ग्रँड स्लॅम नाही, गवत जवळजवळ नाही. पण गावोगावी चॅलेंजर आणि त्याहून छोट्या स्पर्धा भरतात, त्यामुळे पोराला आठवडाभर परदेशी जाऊन राहायचा खर्च न करता गुण मिळतात. २०२५ चा विम्बल्डन विजेता सिनर इटलीचा. २०२३ आणि २०२४ चा डेव्हिस कप त्यांचाच. फ्रान्सला मात्र रोलाँ गॅरोसचा, म्हणजे फ्रेंच ओपनचा, पैसा थेट संघटनेच्या तिजोरीत मिळतो, आणि तिथे शेवटचा फ्रेंच पुरुष विजेता १९८३ चा यानिक नोआ.

टायब्रेक

फ्रान्सचं उदाहरण अर्धवट आहे. विजेता नसला तरी पहिल्या शंभरात फ्रेंच खेळाडू वर्षानुवर्षं भरपूर असतात. ते त्या तिजोरीमुळेच. ‘खेळाडू घडणं’ म्हणजे फक्त ग्रँड स्लॅम जिंकणं असं धरलं तर जगात चार-पाच देशच पास होतील.

रॅडुकानूचं कुणी बोललंच नाही. २०२१ च्या विम्बल्डनला ती ३३८ व्या क्रमांकावर होती आणि वाइल्ड कार्डवर आली. चौथ्या फेरीपर्यंत गेली. त्या गुणांनी क्रमवारी दोनशेच्या आत आली, म्हणून तिला अमेरिकन ओपनच्या पात्रता फेरीत खेळता आलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली खेळाडू. जून-जुलैचा तो आठवडा नसता तर सप्टेंबर आलाच नसता.

आणि जॅक ड्रेपर. २०२४ ला क्वीन्सवर त्यानं अल्काराझला हरवलं. २०२५ ला तिथेच उपांत्य फेरी गाठली आणि विम्बल्डनचं चौथं मानांकन पक्कं केलं. ५०० च्या स्पर्धेत उपांत्य फेरीला २०० गुण मिळतात, २५० मध्ये १००. दर्जा वाढल्याचा फायदा घरच्या मुलाला झाला की नाही?

रानवारा

ड्रेपरला झाला, नक्कीच. पण तोवर तो अमेरिकेतली इंडियन वेल्सची मोठी स्पर्धा जिंकून पहिल्या दहात पोचलेला होता. क्वीन्स २५० ची असती तरी त्याला प्रवेश मिळालाच असता. श्रीमंत स्पर्धा जे आधीच वर आहेत त्यांना आणखी वर नेते. मी विचारतोय ते ८० ते २५० मधल्यांबद्दल.

रॅडुकानूच्या उदाहरणात तुम्हीच उत्तर दिलंत. तिला पुढे नेलं जागेनं आणि गुणांनी. पहिल्या फेरीची रक्कम त्या वर्षी निम्मी असती तरी तिचे गुण तेवढेच राहिले असते.

म्हाळुंगेकर

वाचत होतो, राहवलं नाही. हा प्रश्न पुण्याला जवळून माहीत आहे. चेन्नईची एटीपी २५० स्पर्धा २०१८ मध्ये बालेवाडीला आली आणि २०२३ च्या जानेवारीत शेवटची झाली. आम्ही आनंदानं जायचो, जगातले चांगले खेळाडू हाताच्या अंतरावर बघितले. दुहेरीत आपल्याला फळ मिळालं. बोपण्णा-शरण २०१९ ला जिंकले, बोपण्णा-रामकुमार २०२२ ला. एकेरीत मात्र एकही भारतीय अंतिम फेरीत पोचला नाही. २०२३ ला पुण्याच्या मानस धामणेला पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्याच फेरीत हरला, पण त्या संध्याकाळी स्टेडियममधली मुलं ज्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती ते खोटं नव्हतं.

म्हणून मी दोन्ही बाजूंना म्हणेन, एकच मोठी स्पर्धा आणि तिच्याखाली काहीच नाही, ही रचना टिकत नाही. आता बालेवाडीला चॅलेंजर होते. आपल्या मुलांना त्यातला सामना जिंकता येण्यासारखा असतो. मला ती जास्त मोलाची वाटते, प्रेक्षक कमी असले तरी.

टायब्रेक

मान्य, पण चॅलेंजर भरवायचा खर्च कोण देणार? तिकिटं विकून तो निघत नाही. क्वीन्ससारख्या स्पर्धेची तिकिटं आणि प्रक्षेपणाचे हक्क विकूनच एलटीएला इतर आठवडे चालवता येतात, अशी माझी समजूत आहे. म्हणून मी वरच्या स्पर्धा श्रीमंत करायच्या बाजूनं आहे.

साळुंकी

टायब्रेक, मग तसा हिशेब दाखवून मागूया ना. क्वीन्सवर महिलांना पुरुषांइतकं बक्षीस मिळायलाच हवं, त्यात वाद नाही, आणि सदतीस वर्षांची तात्याना मारिया पात्रता फेरीतून येऊन ते पहिलं विजेतेपद घेऊन गेली तेव्हा मला फार आनंद झाला. पण त्याच वेळी मिडलंड्समधल्या, म्हणजे आमच्या मध्य इंग्लंडमधल्या, स्पर्धांना किती दिलं, हेही छापलं जावं.

रानवारा

माझी मागणीही तीच आहे, फक्त आणखी नेमकी. २०२४ च्या नॉटिंगहॅम चॅलेंजरला जेकब फर्नली पाचशेच्या बाहेर होता. अंतिम फेरीत त्यानं चार्ल्स ब्रूमला हरवलं, तिथेही दोघं ब्रिटिश. त्यावर त्याला विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड मिळालं, दुसऱ्या फेरीत त्यानं जोकोविचकडून एक सेट घेतला आणि वर्षभरात पहिल्या शंभरात आला. क्वीन्सची रक्कम जितक्या टक्क्यांनी वाढेल तितक्याच टक्क्यांनी नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम आणि इल्कलीच्या चॅलेंजरची वाढवा, आणि क्वीन्सच्या पात्रता फेरीत घरच्या खेळाडूंसाठी आणखी जागा ठेवा. एलटीएनं एवढं केलं तर २०२९ च्या त्या बरोबरीच्या बक्षिसाला माझा पूर्ण पाठिंबा.

दुसरी_सर्व्हिस

आणि साळुंकीताईंच्या मुलीला सकाळी सहाऐवजी शाळा सुटल्यावर छताखाली कोर्ट. तेही त्या यादीत घाला.