लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर न उतरताच परत आलो. क्रूझ कंपनीकडे काय मागता येईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहिते आहे. कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचा आमचा गट आहे, बहुतेक जण दांडिया बाजार-रावपुऱ्यातले. मे महिन्यात सगळ्यांना घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला गेले. पैसे गोळा करणं, बुकिंग, प्रवेश परवान्याची कागदपत्रं, सगळं माझ्याकडेच होतं. त्यामुळे आता लोक विचारतात तेही मलाच.

अगत्तीला उतरायच्या दिवशी नाश्त्याच्या वेळी स्पीकरवर सांगितलं की समुद्राच्या स्थितीमुळे कोणालाही उतरता येणार नाही. बेट समोर दिसत होतं. आभाळ स्वच्छ, वारा जवळजवळ नाहीच. कोणाचा विश्वास बसेना. तासाभरात रिसेप्शनसमोर ही गर्दी! 'पैसे परत द्या' म्हणून घोषणा सुरू झाल्या, कोणी व्हिडिओ काढायला लागलं, एकाने तर काउंटरवरच्या मुलीला वाटेल ते सुनावलं. तिच्या हातात काय होतं? मला ते अजिबात आवडलं नाही. पण राग खोटा नव्हता. आमच्यातले एक काका गुडघ्याचं ऑपरेशन उरकून, डॉक्टरांना विचारून, फक्त ते निळं पाणी जवळून बघायला आले होते.

नंतर आम्हाला बेटावरच्या सहलीचे पैसे आणि बंदर शुल्क परत मिळालं. बाकी भाड्याऐवजी पुढच्या सफरीवर सवलतीचं कूपन. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना पुढची सफर कसली? तिकिटाच्या अटींत 'मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील' असं लिहिलेलं आहेच, आणि एजंट तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा दाखवतो.

गटात आता दोन तट पडलेत. काही म्हणतात ग्राहक आयोगात जाऊ. आमच्या गुजराती शेजारीण म्हणतात, 'फरवा मळ्युं ने, बस!' (फिरायला मिळालं ना, पुरे!) सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयाविरुद्ध भांडणं मलाही पटत नाही. पण लक्षद्वीप म्हणूनच विकलेल्या सफरीत लक्षद्वीपच नसेल, तर भाड्याचा काही भाग तरी मागता येतो का? तक्रार एजंटवर करायची की कंपनीवर? कोणी असं प्रकरण हाताळलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी मर्चंट नेव्हीत नोकरी केली आहे, त्यामुळे आधी समुद्राचं सांगतो. अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून जातात. जहाजाच्या दारातून हेलकावणाऱ्या बोटीत पाय टाकणं, हीच सगळ्यात धोक्याची जागा, त्यात तुमची मंडळी ज्येष्ठ. स्वच्छ आभाळाचं म्हणाल, तर पावसाळ्याआधी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून केरळ-लक्षद्वीपपर्यंत येतात. तिकडे त्याला कल्लक्कडल म्हणतात. इथे वारा नसला तरी पाणी उसळतं. अशा वेळी कप्तानाच्या निर्णयात कंपनीनेही आडवं येऊ नये, असा सोलास या जहाजांच्या सुरक्षेसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियमच आहे. त्या मुद्द्यावर भांडू नका, हराल.

भांडायचं ते वेळेवरून. या लाटा यायला काही दिवस लागतात, आणि हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्यांचा इशारा आधी देते. तुमच्या तारखांचे इशारे शोधा. जहाज मुंबईहून सुटण्याआधीच लक्षद्वीपसाठी इशारा असेल, तर प्रवाशांना बंदरावरच का सांगितलं नाही, तिथेच रद्द करण्याची मुभा का दिली नाही, हा प्रश्न लेखी विचारा. एजंट आणि कंपनी, दोघांनाही.

उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे बडोद्यातच. मुदत २ वर्षं, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एकतर्फी अटींना 'अनुचित करार' म्हणून आव्हान देता येतं, पण ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. तुम्ही सेवेतल्या त्रुटीवरच भर द्या. कूपन मात्र वापरू नका, नाहीतर तडजोड मान्य केली असं म्हणतील.

धागाकर्ती

खूप आभार! वेळेचा मुद्दा आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. बंदरावर चेक-इनच्या वेळी मिळालेले मेसेज बहुतेकांच्या फोनमध्ये अजून आहेत, त्यांत हवामानाबद्दल एक अक्षर नाही. ते आजच एकत्र करते. एकच शंका: बुकिंग माझ्या नावावर आहे, पैसे प्रत्येकाचे वेगळे. तक्रार मी एकटीने करायची की सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या? वकील मंडळींपैकी कोणी सांगेल का?